श्रेष्ठत्वाची मापे : लेखांक 6 : रणजी आणि बाळू

सरासरी, म्हणजे एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागून येणारा आकडा, हे फलंदाजाच्या कामगिरीचे माप असले, तरी त्या कामगिरीने खेळ किती बदलला हे त्यातून कळत नाही. डॉन ब्रॅडमन यांची 99.94 ही कसोटी सरासरी मध्ये आणली की तुलनाच संपते, पण प्रश्न संपत नाही. म्हणून या लेखांकात दोन निराळी मापे घेतली आहेत : खेळाडू खेळत असताना खेळाच्या पद्धतीवर किंवा निकालांवर घडणारा परिणाम तो ‘प्रभाव’, आणि त्याच्यामागून येणाऱ्यांना जे करणे शक्य झाले तो ‘वारसा’. ही दोन्ही एकाच व्यक्तीत सारख्या प्रमाणात असतीलच असे नाही, हे रणजितसिंहजी आणि बाळू पालवणकर या जवळजवळ समवयस्क खेळाडूंच्या उदाहरणातून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

रणजींचा प्रभाव निर्विवाद आहे. 1896 मध्ये मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळताना त्यांनी दुसऱ्या डावात नाबाद 154 धावा केल्या, आणि 1899 च्या इंग्लिश हंगामात 3000 हून अधिक प्रथम श्रेणी धावा करणारे ते पहिले फलंदाज ठरले. या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे तो ‘लेग ग्लान्स’, म्हणजे पायांच्या रोखाने येणारा चेंडू मनगटाच्या हलक्या वळणाने यष्ट्यांच्या मागे लेगच्या बाजूला सोडून देण्याचा फटका. ऑफच्या बाजूला खेळणे हीच सभ्य फलंदाजी असे मानणाऱ्या इंग्लंडमध्ये त्यांनी लेगच्या बाजूला प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र 1907 मध्ये नवानगरचे जामसाहेब झालेल्या रणजींचा भारतातील क्रिकेटच्या उभारणीत सहभाग अगदीच थोडा राहिला. 1934 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव मिळाले ते त्यांच्या निधनानंतर, पतियाळाच्या महाराजांच्या पुढाकाराने. नावाचा मान आणि वारसा या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

बाळू पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात कामाला होते, जिथे ते महिना 4 रुपये पगारावर खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावासाठी आलेल्या साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकीत. त्या सरावातून त्यांची डावखुरी मंदगती फिरकी घडली, फलंदाजी करण्याची संधी मात्र तेथे त्यांना मिळत नसे. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातील हिंदू संघाला पटले, पण चांभार जातीच्या बाळूंना मैदानावर चेंडू हाती देणारेच विश्रांतीच्या वेळी तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत असत. पुढे ते मुंबईला आले, तेथील हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, आणि 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांवर जो गाजलेला विजय मिळवला त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 च्या अखिल भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात संघाने 14 प्रथम श्रेणी सामन्यांपैकी अवघे 2 जिंकले. अशा दुबळ्या संघातून खेळताना बाळूंनी दौऱ्यात एकूण शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या नावावर एकही कसोटी नाही, कारण भारत पहिली कसोटी 1932 मध्ये खेळला, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. केवळ कसोटीचे आकडे पाहणारी कोणतीही तुलना त्यांना आपोआप वगळते, आणि हा त्या पद्धतीचाच दोष आहे.

इतके असूनही बाळूंना संघाचे नेतृत्व मिळाले नाही. हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुस्लिम अशा धर्मवार संघांमध्ये मुंबईत होणाऱ्या चौरंगी सामन्यांत 1920 साली याच अन्यायावरून त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. वृत्तपत्रांतून वाद पेटला, तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. 1923 मध्ये विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि संघाने स्पर्धा जिंकली. रणजींच्या फटक्याचे अनुकरण करायला मनगट पुरेसे होते, तर विठ्ठल यांच्यासाठी जी वाट मोकळी झाली ती बाळूंनी आधी वर्षानुवर्षे गोलंदाजी करून, आणि अपमान सोसून, तयार केलेली होती. वारशाचे माप लावले तर बाळूंचे पारडे जड ठरते.

तरीही हा वारसा सरळ रेषेत पुढे गेला नाही. दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा देणाऱ्या 1932 च्या पुणे कराराच्या बाजूने बाळू उभे राहिले, आणि 1937 च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी दिली. मतदारांनी कौल आंबेडकरांना दिला.