संपादकाला हाक मारा!

ही पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घडलेली गोष्ट आहे. दोन विद्यार्थिनी लंबकाच्या प्रयोगाची निरीक्षणे संगणकावर नोंदवीत होत्या. नोंदींची फाईल संपादकात, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडलेली होतीच. एकीने आज्ञा टाईप करून तीच फाईल पुन्हा उघडली. पडद्यावर दुसरी खिडकी आली. तीत तिने पाच नव्या नोंदी करून जतन केल्या. थोड्या वेळाने दुसरीने पहिल्या खिडकीत एक आकडा सुधारला व फाईल जतन केली. झाले! पाचही नोंदी नाहीशा झाल्या.

असे का व्हावे? फाईल असते डिस्कवर. संपादक तिची प्रत संगणकाच्या स्मृतीत घेतो. आपण बदल करतो ते या प्रतीत. जतन करताना ही प्रत डिस्कवरील मजकुराची जागा घेते. येथे संपादक दोन चालू होते, म्हणून प्रतीही दोन होत्या. पहिल्या प्रतीला नव्या नोंदींचा पत्ताच नव्हता. काही संपादक अशा वेळी सावध करतात, पण सगळे नाहीत.

घरात चूल पेटलेली असताना आणखी एक पोळी हवी म्हणून आपण दुसरी चूल पेटवतो का? आपण आईला हाक मारतो. चालू संपादकालाही अशी हाक मारता येते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्नू ईमॅक्स या संपादकाचे उदाहरण घेऊ. त्याला 'सर्व्हर-स्टार्ट' ही आज्ञा दिली की तो निरोप घेण्यासाठी एक ठरावीक जागा तयार करतो. तिला सॉकेट म्हणतात. जुन्या वाड्याच्या भिंतीतला कोनाडाच म्हणा ना! आता 'ईमॅक्सक्लायंट' आणि पुढे फाईलचे नाव टाईप केले, की हा छोटा निरोप्या प्रोग्रॅम ते नाव कोनाड्यात पोहोचवतो. तो स्वतः फाईल उघडत नाही. फाईल आधीच उघडी असेल तर संपादक तीच प्रत समोर आणतो. प्रत एकच, त्यामुळे घोटाळा नाही. शिवाय संपादक नव्याने सुरू होण्याचा वेळही वाचतो.

निरोप्या मात्र लगेच परतत नाही. काम संपल्याची खूण म्हणून आपण कंट्रोल व एक्स एकत्र दाबून मग # दाबले की तो परततो. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तुमच्याकडून मजकूर लिहून घेण्यासाठी त्याला पाठवले असेल, तर लिहिणे कधी संपले हे त्या प्रोग्रॅमला यावरूनच कळते. कोनाडाच सापडला नाही, तर निरोप्या तशी सूचना देतो.

शाळेच्या संगणकावर ईमॅक्स असल्यास शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहा. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या. आणि विचार करा: फाईल एकच, पण संगणक दोन असतील, तर एवढा कोनाडा पुरेल का?