कुंडीतील मातीचे रहिवासी

जूनच्या मध्यास छत्तीसगढच्या मैदानात पाऊस सुरू होतो आणि हवेत दमटपणा भरून राहतो. अशा दिवसांत रायपूरमधील एखाद्या घरात खिडकीतल्या कुंडीला पाणी घालताना मातीवर पांढुरके ठिपके उड्या मारताना दिसतात. झाडाला कीड लागली, या समजुतीने घरातील माणसे लगेच औषध आणावयास निघतात. परंतु मारण्यापूर्वी ओळख पटवून घेणे येथे फार अगत्याचे आहे.

उड्या मारणारा हा जीव बहुधा स्प्रिंगटेल असतो. त्याची लांबी एक ते तीन मिलिमीटर. पाय सहा असल्यामुळे तो पूर्वी कीटकांत गणला जाई. आता बहुतेक प्राणिशास्त्रज्ञ त्याचा वेगळा वर्ग मानतात. त्याच्या पोटाखाली एक दुबेळके शेपूट दुमडून अडकवलेले असते. ते सुटले की जमिनीवर आपटते आणि प्राणी हवेत फेकला जातो. कुळी मोठी पुरातन आहे : स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे त्याचे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. त्याचे अन्न म्हणजे बुरशी, शेवाळ व कुजणारा पालापाचोळा. अगदी कोवळ्या रोपांची मुळे तो क्वचित कुरतडतो. वाढलेल्या झाडाला त्याच्यापासून भय नाही. मातीत विष किती भिनले आहे हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत याच कुळातील एक जात पाळली जाते. म्हणजे विष ओतून आपण मारतो तो मातीचा परीक्षकच!

दुसरा रहिवासी मात्र इतका निरुपद्रवी नाही. कुंडी हलवताच बारीक काळी चिलटे उडाली, तर मातीच्या वरच्या थरात त्यांच्या अळ्या असणार हे निश्चित समजावे. अळी पाच-सहा मिलिमीटर लांब, पारदर्शक व काळ्या डोक्याची असते. तीही मुख्यतः बुरशी खाते. पण संख्या वाढली की मुळांचे कोवळे तंतू खाऊ लागते. खात्री करून घ्यावयाची असल्यास कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवावी; दोन-तीन दिवसांत अळ्या तिच्याखाली जमतात.

दोघांचेही मूळ एकच, ते म्हणजे सतत ओली राहणारी माती. छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे देतो. यांतील काळी, चिकण कन्हार धानाला मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. शेतात जो गुण, तोच कुंडीत दोष ठरतो. अशी माती भरावयाची झाल्यास तिच्यात वाळू व पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळावे, तळाचे भोक मोकळे ठेवावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याखेरीज पुन्हा पाणी घालू नये. चिलटांची अंडी व अळ्या कोरड्या थरात तग धरीत नाहीत, आणि स्प्रिंगटेलही ओलाव्याच्या शोधात खाली जातात किंवा मरतात. उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळा चिकट कागद पुरतो. अंड्यापासून चिलट होण्यास तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस धीर धरावा लागतो, आणि बहुतेकांचा धीर नेमका येथेच सुटतो. अळ्या फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून द्यावा. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात तो सापडला. डासांच्या अळ्यांवरही तो वापरतात.

रासायनिक विषाची गोष्ट निराळी. फोरेट व डायक्लोरव्हॉस ही दोन्ही कीटकनाशके भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. जुन्या घरांत, कपाटाच्या कोपऱ्यात, अशा औषधांची उरलेली पुडी किंवा बाटली आढळली, तर ती कुंडीत कदापि रिकामी करू नये. बंद खोलीत, मुलांच्या हाताशी असलेल्या मातीत या विषांना स्थान नाही.

कुंडी पुन्हा भरताना जुनी माती टाकून देण्याचेही कारण नाही. रायपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. माती गच्चीवर पातळ पसरून, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून काही दिवस उन्हात तापू द्यावी, आणि मग सावलीत निववून शेणखतासह पुन्हा वापरावी.