काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच तापलंय?

नळीचा मीटर (विलीस एमबी, १९४१–४५): वायर नाहीच. इंजिनच्या हेडमध्ये बसणारा बल्ब, तिथून डॅशबोर्डपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी. आत चटकन वाफ होणारा द्रव. बल्ब तापला की दाब वाढतो, काटा सरकतो. नळी चिरली, दाब गेला, की काटा तळाशी कायमचा. ती नुसती डाग देऊन जोडली तरी काटा हलत नाही, कारण आतला द्रव गेलेला असतो. डाग देणाऱ्यांची मग निराशा होते.

विजेचा मीटर (लँड रोव्हर लाइटवेट, १९६८–८४): सेन्सर तापला की त्याचा विद्युतरोध घटतो, काटा चढतो.
• सेन्सरची वायर सुटली : काटा थंडवरच.
• वायर बॉडीला घासून अर्थ झाली : काटा थेट लालवर.
• पेट्रोलचा काटाही सोबत चुकतोय : सेन्सर सोडा, दोघांना मिळून सुमारे १० व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर बघा.
• सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली : अर्थिंग कच्चं. गळती थांबते, मीटर बिघडतो.

पातेल्यातली चाचणी: नळीच्या मीटरचा बल्ब इंजिन गार असताना काढून उकळत्या पाण्यात धरा. विलीसची तबकडी फॅरनहाइटमध्ये असते. काटा २१२च्या आसपास यावा (१०० अंश सेल्सिअस). पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे २०८ दिसलं तरी मीटर ठीक. नळीला पीळ देऊ नका.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये.