माझ्या हातची चिठ्ठी आणि गावाची निवडणूक



या वेळी गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'आपले गाव, आपला कारभार' हा विषय दिला आहे. मी निवडणुकीवर लिहायचे ठरवले. कारण निवडणुकीवरून आमच्या घरात भांडण झाले आणि त्या भांडणात माझा हात होता. अगदी खराखुरा उजवा हात!

आधी थोडी माहिती सांगते. आपल्या महाराष्ट्रात गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, तालुक्याचा पंचायत समिती आणि जिल्ह्याचा जिल्हा परिषद. आपली शाळासुद्धा जिल्हा परिषदेचीच आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. राज्यात ३६ जिल्हे आहेत, पण जिल्हा परिषदा ३४ आहेत. मुंबईचे दोन जिल्हे शहराचे, म्हणून तिथे जिल्हा परिषद नाही. ग्रामपंचायती मात्र सुमारे २८ हजार आहेत.

ग्रामपंचायत काय करते? नळाला पाणी सोडते, खांबावर दिवे लावते, गटारे साफ करते, जन्ममृत्यूची नोंद ठेवते आणि घरपट्टी, पाणीपट्टी घेते. म्हणजे सकाळी हंडा भरला की रिकामाच राहिला, हे ग्रामपंचायतीवर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या वस्तीवर नळ आहे, पण पाणी एक दिवसाआड येते. म्हणून आमची आजी म्हणते, "मत म्हंजी पान्याचा हंडाच हाय, जपून द्यावं."

ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. गावची लोकसंख्या जास्त, तर सदस्य जास्त. आपल्या गावात ९ सदस्य आहेत. गावाचे तीन भाग केले आहेत. त्यांना प्रभाग म्हणतात. एका प्रभागातून तीन सदस्य निवडायचे. सरपंचालाही आता लोकच थेट मत देतात. म्हणून आपल्याकडे एक माणूस एकूण चार मते देतो, एक सरपंचाला आणि तीन सदस्यांना. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. छत्री, कपबशी, शिट्टी अशी चिन्हे मिळतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चिन्ह ओळखता येते.

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो महाराष्ट्रात १९९४ साली स्थापन झाला. कारभारी पाच वर्षांसाठी निवडतात. पण कधी कधी निवडणूक लांबते. सन २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर लोकांनी निवडलेले सदस्यच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. आरक्षणाचे प्रकरण न्यायालयात होते. मग मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला.

आता माझ्या हाताची गोष्ट.

सगळ्या जागांवर सगळ्यांना उभे राहता येत नाही. काही जागा राखीव असतात. त्याला आरक्षण म्हणतात. पूर्वी गावच्या कारभारात बायका नसल्यासारख्याच होत्या. भारताच्या घटनेत ७३ वी दुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. पुढे २०११ साली महाराष्ट्राने निम्म्या केल्या. नवाच्या निम्म्या साडेचार होतात, पण साडेचार बायका कशा निवडणार? म्हणून आपल्याकडे पाच जागा.

प्रत्येक प्रभागात एक महिला, मग उरल्या दोन. त्या कोणत्या प्रभागात जाणार हे चिठ्ठीने ठरवतात. मोठ्या माणसाने चिठ्ठी काढली तर लोक म्हणतील लबाडी केली. म्हणून लहान मुलाला बोलावतात. ग्रामसभेत साहेब आले होते. त्यांनी सारख्या मापाच्या चिठ्ठ्या सर्वांना दाखवल्या, गुंडाळल्या, काचेच्या बरणीत टाकून हलवल्या आणि विचारले, "कोण येतंय?" गुरुजींनी मला पुढे केले.

माझी छाती धडधडत होती. पहिली चिठ्ठी काढली, प्रभाग तीन. दुसरी काढली, प्रभाग दोन. आमचाच! लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माझे काका उठून निघून गेले. काका दोन वर्षांपासून त्या जागेवर उभे राहायची तयारी करत होते. दुसऱ्या प्रभागातून उभे राहता येते, पण तिकडे मला कोण मत देणार, असे ते म्हणाले.

आठ दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. बाजारातून येताना माझ्यासाठी शेवचिवडा आणायचे, तोही आणला नाही. मी रात्री रडले. मला वाटले, मी दुसरी चिठ्ठी उचलायला पाहिजे होती. मी गुरुजींना विचारले, माझे चुकले का? गुरुजी म्हणाले, "बाळ, तू डोळे मिटून काढलीस ना? मग चुकलं नाही. जी चिठ्ठी कुणाच्याच मनासारखी काढता येत नाही, तीच खरी."

मग काका एक दिवस काकूला म्हणाले, "तू फॉर्म भर. नाव तुझं, बाकी मी बघतो." काकू भाकरी थापत होती. ती बचतगटाचा सगळा हिशेब ठेवते. ती म्हणाली, "भरते की. पन मिटिंगला मी बसनार आन् सही वाचून करनार. हे कबूल असंल तरच भरते." काका गप्प बसले. आजी म्हणाली, "पोरीनं तुजी जागा घेतली न्हाई. घरातच हाय ती, नीट बघ." अजून त्यांचे ठरले नाही. पण परवा काकांनी मला शेवचिवडा आणला.

मतदान कसे करतात ते मी २० नोव्हेंबर २०२४ रोजी पाहिले. ती विधानसभेची निवडणूक होती. आपल्या शाळेतच केंद्र होते. आपली बाके बाहेर काढली होती आणि आपले गुरुजी दुसऱ्या गावाला ड्यूटीवर गेले होते. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. मी आजीला फाटकापर्यंत सोडले. यादीत नाव बघतात, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावतात, मग यंत्राचे बटण दाबायचे आणि ते पीं असे वाजते. ती शाई म्हैसूरला तयार होते. आजीच्या बोटावर ती पुष्कळ दिवस राहिली. तिने कुणाला मत दिले ते आम्हांलाही सांगितले नाही. तसे सांगायला कुणी जबरदस्ती करू शकत नाही.

मत द्यायला १८ वर्षे पूर्ण लागतात. पूर्वी २१ लागत, १९८९ पासून १८ झाली. ग्रामपंचायतीला उभे राहायला मात्र २१ च लागतात. मला अजून आठ वर्षे थांबायचे आहे. तोपर्यंत मी चिठ्ठ्याच काढीन.

पालकांनो, आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक यायची आहे. मतदार यादी लागली की तिच्यात आपले नाव आधी बघून ठेवा, मतदानाच्या दिवशी पळापळ नको. आणि घरातल्या बायकांना कुणाला मत द्यायचे ते सांगू नका. त्यांचे त्यांना ठरवू द्या.

माझा लेख संपला. चूकभूल माफ करावी.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी