अहवाल दप्तरात, संशय बाजारात

बँकेच्या नोकरीत असताना माझ्याकडे एकदा एका खातेनिहाय चौकशीचे काम आले होते. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावची शाखा. कर्ज फेडून दागिने सोडवायला आलेल्या एका बाईंच्या पाकिटात त्यांच्या पाटल्यांऐवजी पितळेच्या पाटल्या निघाल्या होत्या. मी चार महिने खपलो, जाबजबाब घेतले, लेजर चाळले आणि साठ पानी अहवाल लिहिला. त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी होती, की प्रकार उघडकीस येण्याच्या अकरा महिने आधी एका कारकुनाने नोंदवहीत लिहून ठेवले होते : ‘पाकिटांचे वजन जुळत नाही, तपासावे.’ त्याखाली दोन साहेबांच्या सह्या होत्या. पाहिल्याच्या सह्या, तपासल्याच्या नव्हेत.

अहवाल देऊन परत निघालो, तर एस. टी. स्टँडवर त्या बाई भेटल्या. मी त्यांना मोठ्या समाधानाने सांगितले, की सगळे सापडले आहे, नोंदसुद्धा सापडली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सायेब, आता तुमी वाचलं. पन लिवलं व्हतं तव्हा कुनी का नाय वाचलं?’’

या प्रश्नाचे उत्तर माझ्या साठ पानांत नव्हते. पुढे निवृत्तीनंतर एका कादंबरीच्या निमित्ताने न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा अहवाल वाचायला घेतला, तेव्हा पानोपानी मला त्या बाई आठवत राहिल्या.

गांधीहत्येशी आमच्या शहराचा संबंध काय, हे आजच्या तरुण वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. नगर म्हटले की (२०२४ पासून अहिल्यानगर) भुईकोट किल्ला आठवतो. १९४२ नंतर पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद तिथे कैदेत होते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्याच शहरात विष्णू करकरे यांचे ‘डेक्कन गेस्ट हाउस’ होते, हे मात्र आवाज खाली आणून सांगितले जाते. करकरे हिंदुमहासभेचे कार्यकर्ते होते आणि नगरपालिकेवर निवडून आले होते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी विसापूरला पडली. १९४७ च्या अखेरीस मदनलाल पाहवा हा तरुण निर्वासित नगरला आला आणि करकरे यांच्या आश्रयाने राहू लागला.

पुढचे महिना-दीड महिन्याचे नगर आयोगाच्या अहवालात वाचावे. नोव्हेंबर १९४७ मध्ये मोहरमच्या मिरवणुकीवर बाँब पडला. त्यानंतरही शहरात स्फोट झाले. नवे वर्ष उजाडताना करकरे यांच्या व्यवस्थापकाच्या घराची झडती होऊन शस्त्रे आणि स्फोटके सापडली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रावसाहेब पटवर्धन यांच्या सभेत मदनलालने गोंधळ घातला. करकरे हे नाव पोलिसांना अपरिचित नव्हते. दोघांना स्थानबद्ध करण्याची हालचालही सुरू झाली. पण कागद इकडून तिकडे जाऊन हुकूम निघेपर्यंत दोघे नगर सोडून गेले होते.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला. स्फोट करणारा मदनलाल जागीच पकडला गेला. त्याच्या जबाबात करकरे यांचे नाव, मोडक्या उच्चारात का होईना, आले. दुसऱ्याच दिवशी मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून सांगितले, की मदनलालने आपल्याला या कटाविषयी आधीच सांगितले होते. त्याच रात्री अहमदाबादला निघण्यापूर्वी मोरारजींनी मुंबई सेंट्रल स्टेशनावर पोलीस अधिकारी नगरवाला यांना ते सांगून करकरे यांना पकडण्याची सूचना दिली.

म्हणजे २१ जानेवारीला करकरे हे नाव दिल्लीत होते, मुंबईत होते आणि नगरच्या दप्तरात तर आधीपासूनच होते. तीन वह्यांत एकच नोंद. या तीन वह्या एका टेबलावर आल्या नाहीत. ३० जानेवारीला गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि करकरे सापडले ते १४ फेब्रुवारीला, मुंबईत.

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याच निकालपत्रात पोलिसांच्या ढिलाईवर बोट ठेवले : २० जानेवारीनंतर थोडी जरी तत्परता दाखवली असती, तरी बहुधा हे टळले असते, असा त्यांचा अभिप्राय होता. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी गेले. करकरे, मदनलाल, गोपाळ गोडसे यांना जन्मठेप झाली. ढिलाईचे पुढे काय झाले, हा प्रश्न पंधरा वर्षे तसाच पडून राहिला.

तो उठवला गेला तोही सरकारच्या इच्छेने नव्हे. ऑक्टोबर १९६४ मध्ये जन्मठेपेचे कैदी सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे ग. वि. केतकर (लोकमान्यांचे नातू आणि ‘केसरी’चे माजी संपादक) बोलून गेले, की नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता. वर्तमानपत्रांत छापून येताच विधानसभेत आणि संसदेत गदारोळ झाला आणि १९६५ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. प्रथम गोपाळ स्वरूप पाठक. ते मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ पासून न्यायमूर्ती कपूर. १६२ दिवस कामकाज, १०१ साक्षीदार, ४०७ कागदपत्रे. १९६९ साली अहवाल सादर झाला, तेव्हा हत्येला एकवीस वर्षे लोटली होती.

सरकारी चौकशीवर लोकांचा विश्वास का बसत नाही, याचे पहिले उत्तर या एकवीस वर्षांत आहे. आपल्याकडे सर्रास बोलले जाते, की ‘आयोग म्हणजे सारवासारव’. कपूर आयोगाला तरी हे लागू नाही. मुंबईच्या पोलिसांनी हा प्रकार खुनाऐवजी अपहरणाचा कट समजून कसा चुकीचा तपास केला, हे न्यायमूर्तींनी कडक शब्दांत लिहिले आहे. माहिती वेळेवर का पोहोचली नाही, याची त्यांनी एकेक पायरी मोजली आहे. पण ज्यांना जाब विचारायचा, त्यांतले कितीतरी तोवर निवृत्त झाले होते, काही वारले होते. आमच्या बँकेत म्हणत, इन्स्पेक्टर येतो तेव्हा मॅनेजरची बदली झालेली असते. सत्य सापडते, ज्याच्या खात्यावर ते टाकायचे, तो खातेदार उरत नाही.

दुसरे कारण आयोगाच्या कक्षेत आहे. आयोगाला विचारले होते, की हत्येची पूर्वकल्पना कोणाला होती, त्यांनी ती कोणाला दिली आणि सरकारने काय केले. लोकांना जाणून घ्यायचे होते वेगळेच : कटामागे खरे कोण होते? आयोगाने एके ठिकाणी असे मत नोंदवले, की समोर आलेली सर्व तथ्ये एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाच्या कटाखेरीज दुसरा तर्क टिकत नाही. सावरकर १९४९ मध्ये निर्दोष सुटले होते आणि न्यायमूर्ती कपूर कामाला लागण्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. उत्तर द्यायला ते नव्हते आणि आयोगाचे मत म्हणजे न्यायालयाचा निकालही नव्हे. तेव्हापासून एक बाजू म्हणते, ‘बघा, आयोगानेच सांगितले’. दुसरी म्हणते, ‘न्यायालयाने सोडले होते, आयोग कोण?’ दोघेही ते एकच वाक्य उचलतात आणि नगरवरचे, पोलिसांवरचे, मंत्र्यांवरचे शेकडो परिच्छेद कोणीच उघडत नाही. पुढे कोणी चौथ्या गोळीचा सिद्धान्त घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ मार्च २०१८ रोजी फेरतपासाची ती याचिका फेटाळली गेली. संशय मात्र फेटाळला गेला नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोग शिक्षा देऊ शकत नाही. तो सांगतो, करायचे ते सरकारने. अहवाल सहा महिन्यांत, काय कारवाई केली या टिपणासह सभागृहापुढे ठेवावा, ही तरतूदसुद्धा १९७१ मध्ये आली. आणि ती अडचणीची ठरली तेव्हा काय झाले? इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागू नये, म्हणून १९८६ मध्ये कायदाच बदलला गेला. अहवालातला मजकूर वर्तमानपत्रात फुटल्यावर मार्च १९८९ मध्ये तो अखेर संसदेत आला. अमेरिकेतही निराळे घडलेले नाही. केनेडी हत्येवर वॉरन आयोगाने १९६४ मध्ये एकट्या मारेकऱ्याचा निष्कर्ष दिला. १९७९ मध्ये तिथल्याच संसदीय समितीने कट असण्याची शक्यता मांडली. आणि कागद २०२५ पर्यंत हप्त्याहप्त्याने बाहेर येत राहिले. कुलूप लावलेल्या कपाटात काही नसले, तरी कुलूप पाहणाऱ्याला ते भरलेलेच वाटते.

हे सारे जुने म्हणून सोडून देता आले असते. पण आमच्या जिल्ह्याला ते सोडता येत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे मूळचे इथलेच. कोल्हारला १९३३ मध्ये एका गरीब घरात जन्मलेले. शिकायला कोल्हापूरला गेले आणि तिथलेच झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. त्याआधी अठरा महिने, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा तसाच खून झाला होता. तोही सकाळी, तोही फिरायला गेले असताना. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला : गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, आणि सूत्रधारांपर्यंत तपास पोहोचला नाही, याची न्यायालयाने घेतलेली नोंद. पानसरे प्रकरण विशेष पथकाकडून २०२२ मध्ये दहशतवादविरोधी पथकाकडे गेले. उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत आपली देखरेख थांबवली, तेव्हा दहा वर्षे होत आली होती आणि खटला चालूच होता.

दोन खुनांमधल्या त्या अठरा महिन्यांकडे मी पुनःपुन्हा जातो. १९४८ मध्ये दहा दिवस होते. इथे अठरा महिने. पहिल्या खुनाचा तपास वेळेत शेवटास गेला असता, तर दुसरा टळला असता का? हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण कोल्हारच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याला मी संशयखोर म्हणणार नाही.

इथे माझीही एक कबुली द्यायला हवी. ‘कपूर अहवाल सरकारने दडपला’ असे मी तीस वर्षे ऐकत होतो आणि कादंबरीकाराच्या रुबाबात इतरांना सांगतही होतो. तो छापलेला होता. मी वाचला नव्हता, इतकेच. दोन जाडजूड खंड, इंग्रजी सरकारी भाषा; नगरच्या कट्ट्यांवर त्याच्याविषयी छातीठोक बोलणाऱ्यांत तो वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. अविश्वास ही लोकशाहीतली शहाणपणाची गोष्ट आहे. पण न वाचता बाळगलेला अविश्वास म्हणजे न तपासता केलेली सही. त्या दोन साहेबांत आणि माझ्यात मग फरक काय राहिला?

म्हणून चौकशी निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. कपूर आयोग बसला नसता, तर नगरच्या त्या दीड महिन्याचा हिशेब आज आपल्यापुढे नसता. तो मराठीत यावा, निदान नगरवरचा भाग तरी इथल्या प्रत्येक वाचनालयात असावा. आणि पुढचा आयोग नेमला जाईल तेव्हा आपण दोषी कोण एवढेच विचारू नये; नोंद कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली होती, तेही विचारावे. आणि तो माणूस खुर्चीवर असेपर्यंतच विचारावे.

त्या बाईंना बँकेने पुढे भरपाई दिली. पाटल्या सासूबाईंच्या होत्या. त्या काही परत आल्या नाहीत. अहवालाची एक प्रत माझ्याकडे अजून आहे. तिच्या मार्जिनमध्ये त्यांचा प्रश्न मी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. उत्तराची जागा कोरीच आहे.