दुष्काळ पडला तर बुलढाण्यातली माणसं गाव सोडतील?

लेखमाला : पाणी आणि माणूस – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण दुष्काळ कागदावर कसा येतो ते पाहिलं. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बरोबर पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झालेल्या ४० तालुक्यांच्या यादीत बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. यादी लागली की सवलती सुरू होतात: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, टँकर. पण यादी लागेपर्यंत अनेक घरांत एक निर्णय होऊन गेलेला असतो. आज त्या निर्णयाबद्दल बोलायचं आहे. जायचं की राहायचं?

उत्तर आधीच सांगतो. अख्खं कुटुंब बिऱ्हाड उचलून कायमचं निघून गेलं, असं क्वचित घडतं. बहुतेक घरांतून कुणीतरी जातं, काही महिन्यांसाठी जातं, आणि घर दोन ठिकाणी चालू लागतं. त्यातलं कोण जाणार हे पावसापेक्षा जमीन, कर्ज आणि गावात मिळणारं काम यांवर जास्त ठरतं. म्हणूनच स्थलांतर हा नुसता निसर्गाचा खेळ आहे असं मानून हात वर करणं मला मान्य नाही.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके १३, पण जिल्ह्यातला माणूस हिशेब दोनच भागांचा करतो: घाटावर आणि घाटाखाली. मधून अजिंठ्याची डोंगररांग जाते. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. इथलं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जातं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. इथलं पाणी पूर्णेतून तापीला मिळतं आणि अरबी समुद्राला जातं. पाणलोट वेगळे, म्हणून दुष्काळाची तऱ्हाही वेगळी.

घाटावर जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. मुरूम आणि फुटका खडक यांच्या थरात जेवढं पाणी मुरेल तेवढंच विहिरीला. पाऊस एका वर्षी हुकला की विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. घाटाखाली पूर्णाकाठची जमीन खोल आणि काळी, पण बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तिथे बोअरला पाणी लागतं आणि ते ना पिता येतं, ना पिकाला चालतं. किडनीच्या आजारांचा विषय या गावांत वर्षानुवर्षं आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती याच कारणाने. घाटावरच्या माणसाला पाणी नाही म्हणून जावं लागतं. घाटाखालच्या माणसाला पाणी दिसत असतं, तरी उपयोगाचं नसल्याने तीच वेळ येते.

दिवाळी ते मृग

सगळं गणित सात महिन्यांचं आहे. आज जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचं राज्य आहे. जून-जुलैत पेरलं की साधारण शंभर दिवसांत पीक हाती येतं. सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे उरकते, मळणीयंत्रातून दाणे पोत्यात जातात आणि दिवाळीआधी रान मोकळं होतं. विहिरीला पाणी असेल तर रब्बीचा हरभरा, गहू होतो आणि मजुराला पुढचे काही महिने काम मिळतं. पाणी नसेल तर दिवाळीपासून मृगापर्यंत शेतात मजुराचं कामच उरत नाही.

पूर्वी ज्वारी आणि कपाशी मोठ्या प्रमाणावर होती, तेव्हा हे चित्र वेगळं होतं. कपाशीची वेचणी जानेवारीपर्यंत पुरायची आणि त्यात बायकांच्या हाताला रोज काम असायचं. ज्वारी घरात धान्य द्यायची आणि दावणीला कडबा. सोयाबीनचं कुटार कडब्याची बरोबरी करू शकत नाही. चाऱ्याची ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, पण दुष्काळात घरातून सगळ्यात आधी बाहेर पडतं ते जनावर. बैलजोडी बाजारात निघाली की समजावं, या घराने पुढच्या पेरणीचा भरवसा सोडला आहे. सगळ्यांची जनावरं एकदम विकायला निघतात, म्हणून भाव पडतो. पुढच्या वर्षी पाऊस येतो तेव्हा तीच जोडी दुपटीने महाग झालेली असते.

कोण जातं, कोण राहतं

गावातून निघणाऱ्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देऊन ठेवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर. दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीचं पीठ, कोंबडी, शेळी आणि शाळेत जाणारी लेकरं चढतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी. हिशेब होतो तेव्हा तोडलेल्या उसातून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. मग पुढच्या वर्षी पाऊस कितीही चांगला होवो, जावंच लागतं.

दुसरी वाट कारखान्यांची आणि बांधकामांची: जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे, संभाजीनगरच्या वाळूजकडे, पुण्याकडे. तिसरी घाटाखालून रेल्वेने. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा मार्गावरची स्टेशनं. तिथून भुसावळ गाठलं की मुंबईची वाट खुली आणि सुरतचीही. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांतून वीटभट्ट्यांवर आणि दुसऱ्यांच्या शेतांवर जाणारे वेगळेच.

आता राहणारे पाहा. ज्याची दहा-पंधरा एकर जमीन, घरात एक नोकरी आणि शहरात शिकणारा मुलगा आहे, तो राहू शकतो. राहतात म्हातारी माणसं, कारण त्यांना कुणी कोयत्यावर घेत नाही. रेशनचं धान्य आणि वृद्धांचं अनुदान गावातच मिळतं, हेही एक कारण. राहतात विधवा आणि परित्यक्ता, कारण जोडीदार नसलेल्या बाईला टोळीत जागा मिळणं अवघड असतं. त्यांचं काय होतं ते कुणाच्याच आकडेवारीत नीट येत नाही. दुष्काळाचा सगळ्यात मोठा मार कुणाला, असं मला विचारलं तर मी याच घराकडे बोट दाखवीन. जाणाऱ्याचे हाल निदान रस्त्यावर दिसतात. ज्याला जायचंही बळ नाही, तो दिसतच नाही.

जगभरातल्या अभ्यासकांनाही हेच आढळलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात १९८३ ते १९८५ या काळात कडक दुष्काळ पडला. अंदाज असा होता, की लोक फ्रान्ससारख्या लांबच्या देशांकडे लोटतील. प्रत्यक्षात लांबचं स्थलांतर घटलं, कारण प्रवासाला पैसेच उरले नव्हते. वाढलं ते जवळपासचं, थोड्या मुदतीचं जाणं-येणं, आणि त्यात बायका आणि मुलं जास्त होती. ब्रिटिश सरकारच्या विज्ञान कार्यालयाने २०११ मध्ये हवामान आणि स्थलांतरावर जो मोठा अहवाल काढला, त्यात अडकून पडलेल्या लोकांची चिंता निघून जाणाऱ्यांइतकीच गंभीर मानली आहे.

आधीच्या पिढ्यांनी काय केलं

वऱ्हाड हा एके काळी माणसं ओढून घेणारा मुलूख होता. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकून रेल्वे आणली गेली ती कापसासाठीच. आजूबाजूच्या मुलखांतून लोक इथे कामाला येत, स्थायिक होत.

मग शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. १९०१ च्या जनगणनेत त्या वेळच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, सव्वाचार लाखांच्या आसपास. ही घट सगळी गाव सोडल्यामुळे नव्हती. भूक, पटकी आणि ताप यांनी माणसं नेली. गाव सोडायचं तरी जायचं कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता, कारण शेजारचे मुलूखही तितकेच होरपळले होते.

१९७२ च्या दुष्काळात मात्र गोष्ट बदलली. पाऊस तर गेलाच होता, पण सरकारने गावाजवळ कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. हजेरीपटावर नाव लागलं की आठवड्याचा पगार, वर सुकडी. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरीची चव त्या पिढीच्या तोंडातून अजून गेलेली नाही. हाल झाले, पण १९०० सारखे मृत्यू झाले नाहीत. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. दुष्काळात माणूस गावात टिकतो का, याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा देऊन झालेलं आहे. काम गावाजवळ आणि मजुरी वेळेवर, या दोन अटी पाळल्या तर टिकतो. मजुरीला आठवड्यांचा उशीर होऊ लागला, की मुकादमाची रोख उचल सरकारी हमीवर मात करते. उपाशी घर पगाराच्या तारखेची वाट पाहू शकत नाही.

कायमचं जाणं

मग कायमचं कोण जातं? एका कोरड्या वर्षामुळे सहसा कुणी नाही. तीन-चार वर्षं लागोपाठ पीक बुडालं, सावकाराकडे किंवा बँकेत जमीन अडकली, आणि शहरात गेलेल्या मुलाला पक्की खोली मिळाली, की मग घराला कुलूप लागतं. हे इतकं हळू घडतं, की गावालाही उशिरा कळतं. शाळेच्या पटावरची मुलं कमी होतात आणि लग्नासाठी मुलगी पाहायला गेल्यावर "मुलगा शेतीच करतो का?" असा प्रश्न येतो. जागतिक बँकेने २०२१ मध्ये अंदाज मांडला, की वेळीच उपाय केले नाहीत तर २०५० पर्यंत जगाच्या सहा विभागांत २१ कोटी ६० लाख माणसांना हवामान बदलामुळे आपापल्या देशातच जागा बदलावी लागेल. हा आकडा अशाच हळूहळू बंद होणाऱ्या घरांचा बनलेला असणार.

जिल्ह्यात कायमचं आणि एकगठ्ठा विस्थापन होतं आहे ते धरणासाठी. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होत असलेल्या जिगाव प्रकल्पाच्या बुडितात तीसहून अधिक गावं पूर्णतः किंवा अंशतः जातात. दुष्काळ हटावा म्हणून ज्यांनी घर दिलं, त्यांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रेंगाळू देणं हा अन्याय आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोडला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिचं शेवटचं टोक बुलढाण्यातलं नळगंगा धरण. सव्वाचारशे किलोमीटरवरून ते पाणी यायला किती वर्षं लागतील, हे लक्षात घेऊनच आजच्या उन्हाळ्याची सोय करायला हवी.

राहण्याजोगं काय केलं

सोय होऊ शकते, याचे दाखले जिल्ह्यातच आहेत. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जेसीबी आणि पोकलेन यंत्रं दिली, डिझेलचा खर्च सरकारने उचलला आणि तलावांतला गाळ निघून शेतांत पडला. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती वापरायची आणि बदल्यात त्यांची खोली वाढवायची, ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गेली. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने श्रमदानाच्या बळावर राज्यातला दुसरा क्रमांक विभागून मिळवला.

पण माणूस थांबण्याच्या दृष्टीने मला सगळ्यात बोलकी वाटते ती देऊळगाव राजा परिसरातली शेडनेट शेती. दहा-दहा गुंठ्यांच्या हिरव्या जाळ्यांत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांचं संकरित बियाणं तयार होतं. काम नाजूक आहे. मादी झाडाची कळी उमलण्याआधी चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि योग्य वेळी नर झाडाचे पराग तिला लावायचे. मजूर याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एका फुलालाही यंत्र लावता येत नाही, त्यामुळे सगळं काम माणसांच्या, मुख्यतः बायकांच्या बोटांवर चालतं. पाणी लागतं ते शेततळ्यातून ठिबकने, थोडंच. ज्या महिन्यांत उघड्या रानात काम नसतं, त्या महिन्यांत या जाळीखाली हाताला काम असतं. उणिवाही आहेत. भांडवल मोठं लागतं, आणि बियाणं घेणाऱ्या कंपनीकडून पैसे त्याच्या चाचण्या पार पडल्यावरच मिळतात. तरी थोडं पाणी आणि पुष्कळ हात यांचा मेळ कसा घालायचा, हे या तालुक्याने दाखवलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: दुष्काळी उपाययोजनांचं यश टँकरच्या फेऱ्यांवर मोजू नका. दिवाळी ते मृग या सात महिन्यांत गावात किती दिवस काम मिळालं, मजुरी किती दिवसांत हातात पडली आणि शाळेच्या पटावरची किती मुलं जागेवर राहिली, यावर मोजा. कामाला बाहेर जाणं हा गुन्हा नाही. शिकून, चांगल्या पगारावर, स्वतःच्या मर्जीने जाणाऱ्यांना कुणी अडवू नये. उचलीच्या ओझ्याखाली जाणं आणि मर्जीने जाणं यांतला फरक मिटवण्याचं काम मात्र पावसाचं नाही, आपलं आहे. बुलढाण्याच्या माणसाला राहायचं की जायचं हे ठरवता आलं पाहिजे, आणि दोन्ही वाटांवर त्याचा मान राहिला पाहिजे.

पुढच्या लेखांकात : टोळीबरोबर गेलेल्या मुलांची शाळा, आणि हंगामी वसतिगृहं कुठे चालतात, कुठे अडतात.