लॉगबुकातला तास नेमका कुणाचा?

समजा, तुम्ही ॲरिझोनात आहात. प्रायव्हेट पायलट लायसन्स खिशात आलंय, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं ट्रेनिंग सुरू आहे. सेसना 172 च्या डाव्या सीटवर तुम्ही, उजवीकडे इन्स्ट्रक्टर. उतरल्यावर मीटर 1.3 तास दाखवतो. तुम्ही लॉगबुक उघडता आणि एकाच फ्लाइटसमोर दोन रकान्यांत लिहिता: ड्युअल 1.3, पीआयसी 1.3. म्हणजे शिकणारेही तुम्ही आणि पायलट-इन-कमांडही तुम्हीच. इन्स्ट्रक्टर सही ठोकतो. अमेरिकेत हे शंभर टक्के कायदेशीर आहे.

गडबड होते ती हेच लॉगबुक घेऊन तुम्ही भारतात, डीजीसीएच्या दारात उभे राहता तेव्हा. कारण आपल्याकडचा हिशेब सरळ आहे. शेजारी बसून इन्स्ट्रक्टर शिकवत असेल, तर तो तास ड्युअलचा. एका फ्लाइटला कॅप्टन एकच.

हा फरक येतो कुठून? 1944 च्या शिकागो करारातून आयसीएओ ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती किमान दर्जा ठरवून देते, पण आपला नियम वेगळा असेल तर तसं कळवून तो ठेवण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. अमेरिकेची एफएए म्हणते, ज्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे, त्याचे कंट्रोल्स एकट्या तुमच्या हातात असतील तर तेवढा वेळ पीआयसी म्हणून लिहा. त्या फ्लाइटची जबाबदारी प्रत्यक्षात कुणाची, हा तिथे वेगळा प्रश्न. म्हणजे कॅप्टन असणं वेगळं आणि कॅप्टनचे तास लिहिणं वेगळं! पहिल्यांदा ऐकलं की डोकं गरगरतं.

यातला सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘सेफ्टी पायलट’. दोन मित्र विमान भाड्याने घेतात. एकजण बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर हूड चढवून फक्त उपकरणांवर उडवतो, दुसरा बाहेर नजर ठेवतो. कॅप्टनची जबाबदारी त्या दुसऱ्याने घेतली असेल, तर हूडखालचा तेवढा वेळ दोघेही पीआयसी लिहू शकतात. भाडं अर्धं, तास दोघांनाही. परदेशात पैसे मोजून-मोजून जगणाऱ्या पोरांना हा सौदा सोन्याचा वाटणारच.

आता जरा आकडे मांडू. एफएएच्या नेहमीच्या मार्गाने कमर्शियल लायसन्सला 250 तास लागतात, भारतात 200. साहजिकच वाटतं, आपल्याकडे तर 50 तास जास्तीचेच आहेत! पण भारताला त्या 200 पैकी 100 तास पीआयसीचे हवेत. समजा तुमच्या अमेरिकन लॉगबुकात पीआयसी 150 दिसतात. त्यातले 40 इन्स्ट्रक्टरसोबतचे, ते गेले. उजव्या सीटवर सेफ्टी पायलट म्हणून बसलेले 20 गेले. उरले 90. एकूण तास भरपूर, तरी फाइल दहा तासांसाठी अडली. तोवर व्हिसा संपलाय, बाबांनी मोडलेली एफडी संपलीये आणि एज्युकेशन लोनचा हप्ता दारात आलाय. मग इथल्या एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये विमानासाठी नंबर लावा, त्यात पावसाळा असेल तर ढग हटायची वाट बघा.

तासांचंच असं नाही. भारताला 300 नॉटिकल मैलांची एक क्रॉस-कंट्री लागते आणि तिच्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप लँडिंग. एफएएलाही 300 मैलच हवेत. तिथे तीन ठिकाणी लँडिंग आणि त्यातलं एक निघाल्या जागेपासून सरळ रेषेत किमान 250 मैलांवर, अशी अट आहे. पण विमान पूर्ण थांबवलंच पाहिजे असं ती म्हणत नाही. चाकं टेकवून लगेच पुन्हा उडालात तरी चालतं. तिथे वाचवलेली पाच मिनिटं इथे अख्खी फ्लाइट परत करायला लावू शकतात. रात्रीचंही तसंच. दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग दोन्हीकडे लागतात, पण अमेरिकेत ती इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही करता येतात. भारतासाठी ती पीआयसी म्हणूनच करा.

युरोपातून येणाऱ्यांना हा घोळ कमी. तिथेही 200 तास आणि मॉड्युलर कोर्सला 100 पीआयसी, म्हणजे आपल्याच जवळचा हिशेब.

तर तिकडे जाणार असाल, तर पहिल्या दिवसापासून लॉगबुकात एक जादा रकाना आखा: ‘भारतासाठी पीआयसी’. शेजारी इन्स्ट्रक्टर किंवा सेफ्टी पायलट नसतानाचेच तास त्यात टाका. दर महिन्याला बेरीज करा आणि त्याच बेरजेकडे बघून पुढच्या फ्लाइट्स ठरवा. निघण्याआधी डीजीसीएची ताजी नियमावली स्वतः वाचा, सीनियरच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. आणि हो, 1.3 म्हणजे एक तास तीस मिनिटं नव्हे! ते दशांश आहेत, 0.1 म्हणजे सहा मिनिटं. 1.3 म्हणजे 1 तास 18 मिनिटं. भारतीय पद्धतीने तास-मिनिटांत उतरवताना ही चूक प्रत्येक ओळीत झाली, तर बेरीज भलतीकडेच जाते.

कमी पडलेले तास पेनाने भरायचा मोह होतो. पायलट मंडळी त्याला गमतीने ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. गंमत तिथेच संपते. विमानाचंही स्वतःचं लॉगबुक असतं, ते तुमच्या लॉगबुकाशी ताडून बघता येतं. 2011 मध्ये आपल्याकडे खोट्या कागदांवर लायसन्स मिळवल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा पायलटना अटक झाली होती.

शेवटचं, सहीबद्दल. इन्स्ट्रक्टरची सही त्याच संध्याकाळी घ्या, ‘नंतर एकदम घेऊ’ म्हणू नका. 2013 पासून अमेरिकेत एअरलाइनमध्ये शिरायला साधारण 1500 तास लागतात. तुम्हाला शिकवणारा तो विशी-पंचविशीतला पोरगाही बहुधा तेच तास गोळा करतोय. ते भरले की तो एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये असेल आणि तुम्ही त्याचा नवा नंबर शोधत बसाल.